एका हाताची पकड

कारखान्याच्या मागच्या भिंतीवर लाकूड आवळून धरायचे लोखंडी क्लॅम्प ओळीने टांगलेले आहेत. सगळ्यात लहान तळहाताएवढा, सगळ्यात मोठा दाराच्या उंचीचा. सगळे स्क्रूचे, वडिलांच्या काळचे, तेल देऊन जपलेले. सुतारीणबाईंच्या उपयोगाचा त्यांतला एकही उरलेला नाही. असा क्लॅम्प लावायला दोन हात लागतात. एकाने तो जागेवर धरायचा, दुसऱ्याने स्क्रू पिळायचा. बाईंचा डावा हात खांद्यातून हलतो, कोपरात वाकतो, टेबलावर ठेवला तर वजनासारखा पडून राहतो. बोटं मात्र मिटत नाहीत. थंडीच्या दिवसांत अर्धांगाचा झटका आला. नंतर बोलणं परत आलं, चालणं आलं, पकड आली नाही.

"बोलणं सगळ्यांत आधी आलं, तिथंच डॉक्टर चुकले," असं त्यांचे थोरले बंधू म्हणतात.

सुतारीण म्हणजे सुताराची बायको, असा भाषेचा समज आहे. बाईंचे यजमान पोस्टात होते. ते हयात असेपर्यंत त्यांना सरळ खिळा मारता आला नाही. सुतार बाई स्वतः. दारात आलेलं नवं गिऱ्हाईक अजून विचारतं, "सुतार आहेत का?" बाई रंधा न थांबवता म्हणतात, "आहेत. बोला." गिऱ्हाईक त्यांच्या खांद्यावरून आत डोकावतं. मग रंधा थांबतो. "मागे कोणी नाही. उंदीर आहेत, पण ते ऑर्डर घेत नाहीत."

वडिलांनी दोन्ही मुलांना लहानपणीच कामाला जुंपलं होतं. थोरल्याला भुसा सोसेना. तो विमा कंपनीत चिकटला आणि साहेब होऊन निवृत्त झाला. धाकटी कारखान्यात राहिली. वडील गेल्यावर जागा दोघांच्या नावावर झाली आणि काम एकटीच्या. त्यावरून कधी भांड्याला भांडं लागलं नाही. लागलं ते झटक्यानंतर.

हॉस्पिटलात भाऊ उशाशी बसून म्हणाला होता, "आता पुरे झालं. तयार फर्निचरचा एक शोरूमवाला आपल्या कारखान्यासारखी कोपऱ्यावरची जागा शोधतोय. देऊन टाकू?" बाई म्हणाल्या, "दे." जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होता आणि लेक शेजारीच उभी होती. तो शब्द आपण बोललोच नाही, असं बाईंनी पुढे कधीही म्हटलं नाही. भावाने त्या भरवशावर शोरूमवाल्याला आपला शब्द दिला.

घरी आल्यावर काठी टेकत बाई कारखान्यात गेल्या, तेव्हा समोर वाचनालयाच्या खुर्च्या होत्या. झटक्याच्या आधी दुरुस्तीला आलेल्या. सांधे सैल झाले म्हणून बाईंनी त्या उघडल्या होत्या. पाठीच्या पट्ट्या एका ढिगात, पाय दुसऱ्या ढिगात. मधल्या काळात वाचनालयाने दुसरा सुतार आणून दाखवला होता. त्याने दोन्ही ढीग पाहिले, "ज्याने उघडल्या त्यानेच लावाव्यात" म्हणाला आणि काढता पाय घेतला. वाचनालयात लोक उभ्याने वर्तमानपत्र वाचत होते.

बाईंनी तिथूनच भावाला फोन लावला.

"दादा, माझं ते 'दे' परत घेतलं."

"परत घ्यायला तो काय डबा आहे? शब्द आहे गं. माणसं शब्दावर चालतात."

"मी सध्या काठीवर चालतेय. ती सुटू दे, मग शब्दाचं बघू."

भाऊ दुष्ट नाही. बहिणीच्या आजारपणात रोज डबा त्याच्याच घरून येत होता. त्याचं भय साधं होतं. ही करवतीपाशी जाणार आणि उरलेला हात घालवून बसणार. बाईंचं म्हणणंही साधंच होतं. कापणं, तासणं, ठोकणं ही उजव्या हाताची कामं, आणि तो शाबूत आहे. डाव्याचं काम एकच, धरणं. टेबलाला वडिलांनी बसवलेला, लाकूड जबड्यात आवळणारा शिकंजा होता आणि त्याची दांडी एका हाताने फिरते. पण दांडी फिरेपर्यंत फळी कोणी धरायची? आणि आडव्या फळीवर रंधा मारायचा तर शिकंजा तिथे पोचतच नाही. तेव्हा प्रश्न कारखाना चालवायचा की नाही हा नव्हताच. धरायचं कशाने, एवढाच होता.

बाई लेकीला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. दुकान बोळासारखं अरुंद, दोन्ही बाजूंनी छतापर्यंत खोकी, मध्ये दुकानदार.

"या बाई. काय देऊ?"

"हात द्या. डावा."

दुकानदार जुना माणूस. तो गडबडला नाही. "कुठल्या मापात?"

"ते घालून बघितल्यावर सांगेन."

त्यांनी आपला डावा हात उचलून कोटाच्या खिशात ठेवला आणि लेकीला म्हणाल्या, "तू हात मागे बांध. मदत केलीस तर तुलाही इथेच गहाण ठेवीन."

पहिला क्लॅम्प भिंतीवरच्यांचाच धाकटा भाऊ निघाला. बाईंनी एका हाताने काउंटरच्या कडेला लावायला घेतला; स्क्रू दोन आटे बसतोय तोवर तो कलंडला आणि दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरवर पडला. "याला सोबत लागते," म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. मग दुकानदाराने मोठ्या अभिमानाने पिस्तुलासारखा दिसणारा एक काढला. घोडा ओढत राहायचं, जबडा मिटत जातो. "नवा माल आहे. एका हाताचाच आहे. सगळे हाच नेतात."

बाईंनी त्यात काउंटरची कड आणि त्याचं बिलबुक एकत्र पकडलं. घोडा ओढला. घट्ट बसल्यासारखं वाटलं. मग त्यांनी बिलबुकाला बाजूने एक गुद्दा हाणला. बिलबुक सटकून खिळ्यांच्या खोक्यात जाऊन पडलं.

"अहो, बिलबुकाला कोण गुद्दे मारतं?"

"मी मारते. पटाशीवर लाकडी मोगरी बसते तेव्हा लाकडाला असाच धक्का बसतो. हा धरत नाही, धरल्यासारखं करतो. असे नातेवाईक आहेत मला, आणखी नकोत."

दुकानदार हसला. लेक हसली नाही. तिला बिलबुक काढून द्यायचं होतं आणि हात सोडायची परवानगी नव्हती.

तिसरा मशीनच्या कारखान्यातला होता. खाली चार भोकांची पत्र्याची बैठक, ती टेबलाला कायमची स्क्रूने बसवायची; वर एक दांडा. दांडा दाबला की पुढची रबरी टोकाची भुजा खटकन खाली येते आणि दांडा पुन्हा उचलेपर्यंत हलत नाही. बाईंनी दुकानदाराला तो एका फळकुटावर बसवून द्यायला लावला. खाली एक पट्टी सरकवली, दांडा दाबला, गुद्दा मारला. पट्टी जागची हलली नाही. फळकूटच काउंटरवरून सरकलं.

"एका झटक्यात गेला, एका झटक्यात आला," बाई म्हणाल्या.

"आई, काहीही बोलू नकोस," लेक म्हणाली. पण हे ती हॉस्पिटलातून आणल्यापासून म्हणत होती, त्यामुळे त्याचा परिणाम उरला नव्हता.

तसले काही क्लॅम्प बाईंनी नेले आणि लेकीकडून टेबलाच्या पुढच्या कडेला बसवून घेतले. सुरुवातीचं काम सुरेख झालं. पट्टी सरकव, दांडा दाब, भोक पाड, दांडा उचल. पाठीच्या पट्ट्यांचा ढीग उतरायला लागला. भाऊ ते पाहायला आला. तो दाराशीच उभा राहिला, कारण आत बसायला धड खुर्ची नव्हती.

तेवढ्यात व्हायचं ते झालं. एक पट्टी इतरांपेक्षा पातळ होती. कोण्या आधीच्या सुताराने कधीतरी बदललेली असणार. दांडा खटकन बसला, आवाज रोजचाच आला; पण रबर पट्टीला जेमतेम टेकलं होतं. ड्रिल लाकडात उतरलं, अडकलं, आणि पट्टी त्याच्याबरोबर भिरभिऱ्यासारखी गरगर फिरली. तिचं टोक बाईंच्या डाव्या मनगटावर बसलं. बाईंनी ड्रिल बंद केलं. मनगट डोळ्यांदेखत सुजायला लागलं.

"लागलं का गं?" भाऊ धावत पुढे आला.

"त्यालाच विचार. मला काही सांगत नाही तो."

"हसण्यावारी नेऊ नकोस! लागलेलं कळतसुद्धा नाही तुला. बोट तुटून पडलं तर लेकीने झाडू मारताना सापडायचं का?"

यावर बाई गप्प बसल्या. एरवी त्या बसत नाहीत. भावाला वाटलं, मुद्दा पटला. "शोरूमवाल्याला येत्या रविवारी आणतो," तो म्हणाला. "माप घेऊन जाईल. तू फक्त घरात बसून राहा."

बाई गप्प होत्या, कारण त्या पट्ट्यांचा ढीग पाहत होत्या. भाऊ गेल्यावर त्यांनी पट्ट्या एकीवर एक रचल्या आणि कडेने बोट फिरवलं. जाडी प्रत्येकीची वेगळी होती. क्लॅम्पचा दोष नव्हता. तो अशा कारखान्यासाठी बनवलेला, जिथे हजार तुकडे एका मापाचे येतात. रबर वरखाली करता येतं, पण त्याला नट पिळायचे दोन पाने लागतात, म्हणजे पुन्हा दोन हात. इथे तर दुरुस्तीचं काम. मोडून आलेल्या कुठल्याच दोन वस्तू सारख्या नसतात. हाताला हे सांगावं लागत नाही. तो जाड-पातळ बघून मिटतो. लोखंडी दांडा एकाच जाडीला ओळखतो आणि बाकी सगळ्यांना फसवतो. तोही खटकन आवाज करून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रिल घेतलं आणि टेबलाच्या भर मध्यावर टोक टेकवलं.

"आई! आजोबांचं टेबल आहे ते!"

त्या टेबलावर वडिलांनी कधी चहाचा कप ठेवू दिला नव्हता. काम झालं की रोज संध्याकाळी फडक्याने पुसायचे. भाऊ लहानपणी एकदा त्यावर चाकूने आपलं नाव कोरायला लागला, तर पहिल्या अक्षरातच त्याचा कान पिळला गेला. ते अर्धं अक्षर अजून कोपऱ्यात आहे.

"मामा जीव देईल, आई."

"देऊ दे. त्याला या टेबलाशी अर्ध्या अक्षराचीच ओळख आहे."

आणि त्यांनी भोकं पाडली. एका ओळीत, टेबलाच्या आरपार. त्यांत घट्ट बसतील अशा लाकडी मेखा केल्या. समोर थोड्या अंतरावर एक तिरपी पट्टी स्क्रूने पक्की केली. आता लाकूड मेखांना टेकवून ठेवायचं आणि लाकूड व तिरपी पट्टी यांच्या मध्ये जी फट राहील, तिच्यात पाचर सरकवून मोगरीचा ठोका द्यायचा. लाकूड रुंद असलं तर पाचर थोडी शिरते, अरुंद असलं तर जास्त शिरते. बसते सगळ्यांना. वरून काहीच आडवं येत नाही, त्यामुळे रंधाही चालतो. सोडवायचं तर पाचरीला उलट्या बाजूने एक ठोका. सगळं काम एका हाताचं.

हे लिहायला जितकं सोपं आहे, तितकं पहिल्या दिवशी झालं नाही. पहिली पाचर बाईंनी घाईने तीव्र उताराची केली. ठोका बसला की ती बेडकासारखी उडून बाहेर यायची. एकदा तर लेकीच्या चहात पडली. मग निमुळती केली. ती बसली आणि बसूनच राहिली, इतकी की तिरपी पट्टी उखडली. पट्टी जाड घातली, स्क्रू वाढवले. वेगवेगळ्या पाचरी करून ठेवल्या. बाई डावा हात उचलून रंध्यावर टाकायच्या, वजन म्हणून, आणि उजव्याने ढकलायच्या. "काम करत नसला तरी हजेरी लावतो," असं त्या त्याच्याबद्दल म्हणत. ड्रिलच्या वेळी मात्र त्याला कोटाच्या खिशात घालायचा, हा नियम त्यांनी न सांगता सुरू केला. भावाच्या बोलण्यातलं तेवढं त्यांनी घेतलं.

सांध्यांना सरस लावून खुर्ची दाबून ठेवायला दोरीचे फास आले. दोरी चारी पायांभोवती, मध्ये काठी घालून पीळ द्यायचा आणि काठी आडव्या दांडीला अडकवायची. गाठ एकदाच मारायची होती. ती लेकीने मारून दिली. फास अडकवायला आणि पिळायला एक हात पुरतो.

रविवारी भाऊ शोरूमवाल्याला घेऊन आला. बाई घरात बसल्या नव्हत्या. त्या टेबलापाशी होत्या, समोर पट्टी, पट्टीला पाचर, हातात रंधा. भिंतीलगत दोरीने आवळलेल्या खुर्च्या उभ्या होत्या.

भावाची नजर आधी टेबलाकडे गेली. जवळ येऊन त्याने एका भोकात बोट घातलं, पार मुळापर्यंत, आणि बाहेर काढलं.

"बाबांच्या टेबलाला," तो म्हणाला.

"बाबांना दोन हात होते."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुझ्याकडे बघून."

"पीळ गेला तर खुर्ची सुटेल, दादा. धक्का लावू नकोस तिकडे, सरस ओला आहे."

शोरूमवाला सभ्य माणूस होता. भाऊ-बहिणीच्या बोलण्यात पडायचं नाही म्हणून त्याने खिशातून टेप काढली आणि भिंतीचं माप घ्यायला लागला. टोक भिंतीला लावून तो डबी घेऊन मागे सरकला की टोक सुटायचं आणि टेप खर्रकन परत यायची. दोनदा असं झालं.

"ताई, जरा टोक धरता का?"

"मी धरत नाही. हवा तर क्लॅम्प देते. भिंतीवरचा कुठलाही घ्या."

शेवटी भावाने टोक धरलं. शोरूमवाला माप घेत टेबलापर्यंत आला. "हे काढावं लागेल. इथे सोफासेट येईल."

"टेबल निघणार नाही," बाई म्हणाल्या. "मीही. मी हॉस्पिटलात 'दे' म्हटलं होतं, ते खरं आहे. दादा खोटं बोललेला नाही. मी शब्द फिरवला."

शोरूमवाल्याने टेप खाली केली. "असं कसं, बाई? यांच्या शब्दावर मी दुसरी जागा सोडली. आता ती गेली हातची."

"त्यात तुमचं नुकसान झालं आणि ते माझ्यामुळे. माफी मागते. जागा देत नाही."

"माफी घेऊन मी माल कुठे ठेवू? सगळं ठरलेलं होतं. तुम्ही ऐन वेळी मध्येच पाचर मारलीत."

बाईंनी मोगरी उचलली आणि समोरच्या पाचरीला एक ठोका दिला. "मध्ये नाही मारली. मध्ये मारली की लाकूड फुटतं. मी बाजूने मारलीय. बाजूने मारली की धरून राहतं."

"शब्दांचे खेळ पुरे," भाऊ म्हणाला. टेपचं टोक अजून त्याच्या हातात होतं. त्याचा आवाज चढला होता, पण रागाने नव्हे. "मला सांग, उद्या दुसरा झटका आला तर? उजवाही गेला तर?"

लेकीने मान खाली घातली. हा प्रश्न घरात कोणीच मोठ्याने विचारला नव्हता. बाईंनी मोगरी ठेवली.

"तर काही करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा यांना बोलव. तुझ्या हातातलं ते टोक मीच पायाखाली दाबून धरीन. पण तो हात जाईल तेव्हा जाईल. जायच्या आधी तू मोजायला आलायस."

भावाने टोक सोडलं. टेप खोलीभर सरपटत जाऊन शोरूमवाल्याच्या डबीत शिरली. त्याने ती खिशात घातली, "चला, तुम्ही आपसात बघा," म्हणाला आणि निघाला. जाताना त्याने एक दोरी बांधलेली खुर्ची हलवून पाहिली. धंद्याची सवय. ती हलली नाही.

भाऊ दारापर्यंत गेला आणि वळला. "त्याला मी काय तोंड दाखवू?" त्याने विचारलं.

"माझं दाखव. सांग, बहीण बेइमान आहे."

"ते त्याला कळलंच आहे," म्हणून तो पायऱ्या उतरून गेला.

यानंतर बरेच दिवस त्याच्या घरून कोणी फिरकलं नाही. बाईंनी फोन केला नाही. समजूत काढायची तर जागेचं बोलणं पुन्हा निघेल, आणि त्यावर त्यांना बोलायचं नव्हतं. खुर्च्या तयार होत गेल्या तशा त्या हातगाडीवरून वाचनालयात गेल्या. शेवटची खुर्ची चढवताना हातगाडीवाल्याने विचारलं, "बाई, ही एक धरता का जरा खालून?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, कोपर वाकवून डावा हात खुर्चीच्या बैठकीखाली घातला आणि उचलला.

"धरली. चढव लवकर. आत पाचरीत लाकूड लावून ठेवलंय."